धाकटी पुन्हा गाडीवर गेली

हॉस्पिटलमधून घरी निघताना धाकटीने टॅक्सीच्या सीटवर आधी टॉवेल अंथरला आणि मग ती बसली. बाळ माझ्या मांडीवर होतं. मला वाटलं, टाके दुखत असतील, मऊ काहीतरी हवं असेल. घराशी पोचल्यावर ती कण्हत उतरली आणि मागे वळून सीटकडे बघत उभी राहिली. टॉवेल भिजला होता आणि खालचं कापडही.

"काय झालं बाई?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"पाण्याची बाटली सांडली," ती म्हणाली. अंगावरची शाल काढून, ओल्या टाक्यांनिशी वाकून ती सीट पुसायला लागली.

"राहू द्या हो, वाळेल."

"नाही नाही. पुढचा माणूस कुठे बसणार? मीही गाडीच चालवते, मला माहितीये."

पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती, झाकण घट्ट लावलेली, काठोकाठ भरलेली.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची बायको. ती शहरातली बस चालवते. तेव्हा आमच्याकडे बस चालवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. लोक वाकून वाकून बघायचे. तिला त्याचं काही नव्हतं. उंचीने ती माझ्या खांद्याला लागते, पण एवढी लांबलचक गाडी बाजारातल्या वळणावरून अशी काढायची, की कडेच्या भाजीवाल्या आपली टोपली इंचभरही हलवायच्या नाहीत. एकदा एका मोटारवाल्याने काच खाली करून तिला काहीतरी सुनावलं, तर ती म्हणाली, "दादा, तुमचं सगळं खरं, पण माझी गाडी मोठी आहे." आणि पुढे निघून गेली. घरी हे सांगताना ती इतकी हसली, की हातातला चहा बशीत आला.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. माझा नवरा जहाजावर असतो, वर्षातले बरेच महिने घराबाहेर. दीर चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. मी खिडकीशी मशीन टाकून पडदे आणि दुकानांचे गणवेश शिवते. आणि सासूबाई. सासूबाई शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. धाकटीच्या नोकरीबद्दल त्या चांगलं बोलल्या नाहीत, वाईटही बोलल्या नाहीत. पण सुनेच्या बसमध्ये त्या एकदाही चढल्या नव्हत्या. धाकटी किती वेळा म्हणायची, "आई, एकदा चला ना, पुढच्या सीटवर बसवते." त्या म्हणायच्या, "बघू." आम्ही समजून चुकलो होतो, की सुनेनं स्टिअरिंग धरलेलं त्यांना रुचत नाही.

बाळंतपण फार अवघड गेलं. एक आख्खा दिवस कळा दिल्या, रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. बाळ मोठं होतं आणि तोंड वर करून अडकलं होतं. शेवटी चिमटा लावून ओढलं. मुलगी झाली, धट्टीकट्टी, मुठी आवळलेली. तिला बघून नर्सच म्हणाली, "हा तर पहिलवान आहे." तेच नाव घरात चिकटलं. पण पहिलवान बाहेर आली तेव्हा आईला खालून पार मागच्या वाटेपर्यंत चीर गेली. तिला ऑपरेशनच्या खोलीत नेऊन टाके घातले. लघवीची नळी काही दिवस ठेवली आणि मग काढली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "टाके छान आलेत. आराम करा." एवढंच.

नंतरचे आठवडे धाकटी मुलीला घेऊन आतल्या खोलीत राहायला लागली. कोणी भेटायला आलं, की झोपल्याचं सोंग घ्यायची. बाहेर आली तर गादीच्या सोफ्यावर बसायची नाही, स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल ओढून घ्यायची. हीच बाई आधी कामावरून आली की सोफ्यावर आडवी व्हायची आणि पाय थेट माझ्या शिवणावर. पाणी तर ती पीतच नव्हती. तांब्या भरून ठेवला, तर संध्याकाळी तेवढाच भरलेला. दूध कमी पडायला लागलं, पहिलवान रडून घर डोक्यावर घ्यायची.

माझं मशीन खिडकीशी, आणि खिडकीबाहेरच कपडे वाळत घालायची दोरी. दोरी सगळं सांगते. बाळाचे कपडे कमी आणि धाकटीच्या पॅन्टीच जास्त, सगळ्या काळ्या नाहीतर गडद निळ्या. ते कपडे ती स्वतः धुवायची, मी बाजारात गेलेली वेळ साधून. मला सगळं दिसत होतं. पण विचारायचं कसं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ तिची होती, मी कशी उघडणार?

ती मूठ शेवटी एका शिंकेने उघडली. शेजारच्या घरातल्या शिक्षिकाबाई बाळ बघायला आल्या होत्या. धाकटी दारात उभी राहून त्यांच्याशी बोलत होती, आणि तिला शिंक आली. शिंकली आणि तशीच उभी राहिली, खांबासारखी. शिक्षिकाबाई बाळाचं कौतुक करत होत्या. धाकटी "हो हो" म्हणत होती, पण पाऊल उचलत नव्हती. त्या गेल्या, मी दार लावलं, आणि तिच्या चपलेखालून फरशीवर पसरलेलं पाणी पाहिलं.

मी फडकं आणलं. ती म्हणाली, "मी पुसते." मी म्हटलं, "तू बस." ती बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"ताई, मला धरता येत नाही."

"कधीपासून?"

"नळी काढल्यापासून. आधी तर कळायचंच नाही, आपोआप जायचं. आता कळतं, पण कळेपर्यंत गेलेलं असतं." मग खाली बघत म्हणाली, "आणि नुसतं पाणीच नाही. वारा सरतो तोही अडत नाही. कधी कधी थोडं मागचंही. माझ्या अंगाला वास येतो का? खरं सांग."

"नाही येत," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं, ती दिवसातून इतक्यांदा अंग धुवायची.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"काय सांगू? ते म्हणाले, टाके छान आलेत. एवढं छान शिवून दिलंय, वर आपण तक्रार कशी करायची?" आणि ती थोडं हसली. "ओली बाळंतीण म्हणतात ते उगाच नाही, ताई."

मीही हसले, आणि मग आम्ही दोघी रडलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"असं होतंच बाळंतपणानंतर," त्या म्हणाल्या. "बाईला होतंच. अंगावर काढायचं."

"कुठवर काढायचं, आई?" धाकटीने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

सासूबाई माझ्या मशीनसमोरच्या खुर्चीवर बसल्या आणि पडद्याच्या कापडाची कड बोटांनी सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी काढतेच आहे. तुझ्या नवऱ्याच्या वेळेपासून."

आम्हाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा धाकटी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"म्हणून तुम्ही माझ्या बसमध्ये..."

"गाडी आदळते गं. आणि शेवटच्या थांब्यापर्यंत मला धरवत नाही. सुनेच्या गाडीत, चार माणसांदेखत काही झालं असतं तर? त्यापेक्षा नकोच म्हटलं." मग त्या उठल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माझं गेलं ते गेलं. तू अंगावर काढू नकोस. मी उगाच बोलले."

सासूबाईंनी आपले शब्द मागे घेतलेले मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकले.

दिराला सांगायचं राहिलं होतं. तो बिचारा वेगळ्याच समजुतीत होता. बायको पलंगाच्या काठाला झोपते, जवळ गेलं की उठून जाते. त्याला वाटायचं, एवढा त्रास आपल्यामुळे झाला म्हणून ती रागावली आहे. धाकटीने त्याला सांगितलं तेव्हा मी तिथे नव्हते, पण पुढे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्याने पलंगावर घालायचा रबरी कपडा आणला. धाकटीला वाटलं, आपल्या बाजूला घालेल. त्याने तो सगळ्या पलंगावर अंथरला, दोन्ही बाजूंना, आणि वर चादर खोचली. "एकाच बाजूला घातला तर मधे दुमडतो," म्हणाला. माझा दीर असाच आहे. प्रेमाचं कारणसुद्धा तो कापडावर ढकलतो.

मी माझ्या परीने कामाला लागले. विकतचे पॅड तिला टोचायचे, टाक्यांशी घासायचे. मी जुन्या मऊ चादरी फाडल्या, आत टॉवेलचं कापड घातलं, खाली पातळ रबर, आणि कडा बाहेरच्या बाजूला वळवल्या म्हणजे शिवण अंगाला लागू नये. पहिले दोन बिघडले, चालताना सरकायचे. धाकटीने घालून घरभर फेऱ्या मारल्या आणि मशीनसमोर येऊन सांगितलं, "मागे अजून लांब. आणि मधे जाड, कडेला पातळ." तिने सांगावं आणि मी कापावं. असे करत करत नीट जमले.

मग आम्ही दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी नीट तपासलं, मागून-पुढून, आणि घाई केली नाही. म्हणाल्या, "टाके छान आलेत हे खरं आहे. पण वरून दिसते ती कातडी. आतले स्नायू ताणले गेलेत, काही फाटलेत, ते अशक्त झालेत. यात तुमची काही चूक नाही. आणि हे सुधारतं, बऱ्याच जणींचं बरंच सुधारतं. पण वेळ लागतो आणि मेहनत लागते. त्यानेही भागलं नाही तर पुढचे उपाय आहेत." चूक नाही, हे ऐकताना धाकटीने माझा हात इतका दाबला, की अंगठी रुतली.

त्यांनी आम्हाला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, लिफ्टशेजारी त्यांची छोटी खोली. बाई चांगल्या जाडजूड, आवाज खणखणीत. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, ती वर ओढायची, धरायची आणि पूर्ण सोडायची, असं त्यांनी सांगितलं. धाकटी ओढायला गेली तर श्वास कोंडून, गाल फुगवून, खांदे कानाला लावून बसली.

"चेहऱ्याने नाही हो ओढायचं," बाई म्हणाल्या. "असं समजा, वारा सरायला आलाय आणि समोर सासरचे पाहुणे बसलेत. काय कराल?"

धाकटीला हसू फुटलं, आणि हसता हसता पॅड ओला झाला. ती ओशाळली. बाई शांतपणे म्हणाल्या, "होऊ दे. ही खोली त्यासाठीच आहे."

बाईंनी आणखी बरंच सांगितलं. पाणी तोडायचं नाही, उलट नीट प्यायचं, नाहीतर लघवी दाट होऊन जास्त घाई लागते. पोट साफ राहिलं पाहिजे, कुंथायचं नाही. शिंक किंवा खोकला येणार असं वाटलं, की आधी आवळायचं, मग शिंकायचं. मूल उचलतानाही तसंच. आणि भीतीपोटी दर थोड्या वेळाने संडासात पळायचं नाही, हळूहळू मधलं अंतर वाढवायचं.

धाकटी जिद्दीची. दूध पाजताना, भांडी विसळताना, खिडकीत उभी असताना तिचं चालूच असायचं. सासूबाईंना ती म्हणाली, "आई, तुम्हीही करा. बाईंना विचारलं मी, याला वय नसतं म्हणाल्या." सासूबाई म्हणाल्या, "मला नाही बाई ते जमायचं." पण पुढे मी बघायचे, की ओट्याशी उभ्या असताना त्यांचा हात मधेच थांबतो, ओठ घट्ट मिटतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा चमचा फिरायला लागतो.

हे सगळं ऐकताना वाटेल, की व्यायाम सुरू केला आणि गाडी मार्गाला लागली. तसं नव्हतं. कितीतरी आठवडे काहीच फरक दिसेना. एकदा ती मुलीचं औषध आणायला गेली, रांगेत उभी राहिली, आणि पोटात कळ आली. घराची वाट धरली, पण पोचता आलं नाही. जिन्यात शिक्षिकाबाईंनी हाक मारली, तर त्यांना ओलांडून ती तशीच वर आली आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. नळ कितीतरी वेळ चालू होता. मी दाराबाहेर बसले. पहिलवान माझ्या खांद्यावर झोपली होती.

नळ बंद झाला. आतून ती म्हणाली, "मी गाडी सोडते, ताई. तिकीट खिडकीत काम देतात म्हणे. नाहीतर घरीच बसेन."

"सोड," मी म्हटलं.

तिला वाटलं असेल, मी समजूत घालेन.

"सोड, पण आज ठरवू नकोस. आज तू न्हाणीघरात आहेस. न्हाणीघरात बसून नोकरीचं ठरवू नये."

आतून बादली सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कपडे दे." मी दाराच्या फटीतून कपडे दिले. पुढच्या खेपेला तिने हे सगळं व्यायामाच्या बाईंना सांगितलं, काही न लपवता. बाईंनी मागच्या स्नायूंसाठी वेगळा व्यायाम दिला, डॉक्टरबाईंनी शौच घट्ट व्हायला औषध दिलं, जेवणाच्या वेळा बदलल्या. तिने डेपोतली रजा वाढवून घेतली.

फरक पडला तो इतका हळू, की आम्हाला कळलाच नाही. एक दिवस मी मशीनवरून मान वर केली, तर बाहेर दोरीवर बाळाचेच कपडे जास्त होते. एक दिवस ती पहिलवानला उचलून जिना चढून आली आणि दारातच म्हणाली, "कोरडी." शब्द एकच, पण लढाई जिंकून आल्यासारखी म्हणाली. मग मधे सर्दी झाली आणि पुन्हा सगळं बिघडलं. पुन्हा सावरलं. मुलगी धरून उभी राहायला लागली तोवर मागची तक्रार जवळजवळ थांबली होती, आणि पुढची, वेळेवर जाता आलं तर ताब्यात होती.

वेळेवर जाता आलं तर. तिथेच घोडं अडलं. कामावर रुजू झाल्यावर तिला जुनाच मार्ग मिळाला, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या टोकाला एक टपरी, एक टायर दुरुस्तीचं दुकान आणि एक लांब भिंत. पुरुष भिंतीमागे जायचे. बायकांनी काय करायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती डेपो मॅनेजरकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, मला काही महिने जवळचा मार्ग द्या."

"कारण?"

"प्रकृती."

"प्रकृती तर सगळ्यांनाच असते," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. दिवसभर त्यांच्याकडे लोक प्रकृतीच घेऊन यायचे.

त्या आठवड्यात ती गडद पॅन्ट, दोन पॅड आणि पिशवीत जादा कपडे अशी कामावर गेली. आणि मग डेपोच्या हॉलमध्ये सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांची सभा झाली. तिथे काय झालं ते मला तिच्या कंडक्टरने सांगितलं. ही कंडक्टर तरुण मुलगी, बोलायला फटकळ, पुढे आमच्या घरी नेहमी येऊ लागली. सभेत टायर, वेळापत्रक, गणवेश असं सगळं बोलून झालं. साहेबांनी विचारलं, "कुणाचं आणखी काही?" आणि धाकटी उभी राहिली.

"माझं आहे. त्या टोकाला संडास नाही. बाळंतपणात मला मोठी इजा झाली. त्यामुळे मला लघवी फार वेळ धरता येत नाही. उपचार चालू आहेत, सुधारणा आहे. गाडी मी नीट चालवते, कुणीही येऊन बघावं. पण त्या टोकाला पोचल्यावर मला जायला जागा पाहिजे."

कंडक्टर सांगत होती, की हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पुरुष आपापले बूट बघत होते. मागे कोणीतरी खुसखुसलं. धाकटी वळली आणि त्या दिशेने बघत म्हणाली, "हसा. पण तुमच्या घरातल्या बाईला जाऊन विचारा. तिने तुम्हाला सांगितलं नसेल एवढंच."

मग मागच्या रांगेतून डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर उठले. पांढऱ्या मिशांचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. म्हणाले, "माझंही तेच आहे. वयाचं दुखणं. मी जेवण झाल्यावर घोटभरसुद्धा पाणी पीत नाही. ही पोर बोलली, मला बोलता आलं नाही." ते बसले. मग कंडक्टर उठली आणि धरून धरून आपल्याला लघवीला किती वेळा जळजळ झाली, ते तिने सांगितलं. मग आणखी एक जण उठला.

साहेबांचे कान लाल झाले होते. म्हणाले, "बघतो मी."

धाकटी म्हणाली, "बघू नका, साहेब. बघायला तिथे काही नाहीच."

या वेळी हॉल हसला, पण ते हसणं वेगळं होतं. साहेबही हसले.

घरी येऊन तिने सगळ्यांसमोर सांगितलं आणि मग म्हणाली, "आता उद्या मी तिथे तोंड कसं दाखवू?" सासूबाई म्हणाल्या, "तोंड दाखवायला काय झालं? तोंडानेच तर बोललीस." पहिलवानला घेऊन दीर खिडकीत उभा राहिला, आणि मला दिसत होतं, की तो रस्त्याकडे बघत नुसता हसतोय.

दुसऱ्या दिवशी ती गेली. काहींनी नजर चुकवली. एकाने मागून "पाणी पिऊन आलात का बाई?" असं विचारलं. ती म्हणाली, "हो, तुम्ही?" त्या टोकाच्या टायरवाल्याला काका स्वतः भेटले. त्याने दुकानामागच्या संडासाची किल्ली ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी खिळ्याला अडकवून ठेवली. गाडी तिथे थोडी जास्त थांबू लागली. डेपोने बांधतो म्हटलेल्या संडासाला वर्ष लोटलं. मधे तो कुठल्यातरी कागदात अडकला, आणि धाकटी साहेबांकडे जाऊन नुसती दारात उभी राहायची. शेवटी बांधला. दोन दारं, आत नळ, कडी धड लागणारी.

सभेनंतर आमच्या घरी बायका यायला लागल्या. पहिली कंडक्टरची बहीण, नुकतीच बाळंत झालेली. मग काकांची सून. मग शिक्षिकाबाई, "पडदे शिवायचेत" म्हणून आल्या आणि मापं घेऊन झाल्यावरही उठेनात. धाकटी त्यांना सोफ्यावर बसवायची, दार लोटायची आणि स्वतःचं सगळं आधी सांगायची, म्हणजे समोरचीला सुरुवात करावी लागू नये. डॉक्टरकी तिने कधी केली नाही. "मला माझं माहीत आहे, तुमचं बाई सांगतील," म्हणायची आणि लिफ्टशेजारच्या खोलीचा पत्ता द्यायची. कुणी एकटं जायला घाबरत असेल, तर सुट्टीच्या दिवशी बरोबर जायची. मी पॅड शिवून द्यायचे. सासूबाई चहा टाकायच्या आणि कुणी न सांगता मधेच म्हणायच्या, "अंगावर काढू नका गं."

सासूबाई एकदा तिच्या बसमध्ये बसल्या, अर्ध्या वाटेपर्यंत. बाजारात उतरल्या आणि रिक्षाने परत आल्या. कशी चालवते विचारलं तर म्हणाल्या, "वळणावर जरा हळू घ्यायला हवं."

धाकटी पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, तीही म्हणत नाही. सर्दी झाली की पॅड लागतो. फार दमली तर वाऱ्याचा भरवसा नाही. तेव्हा ती स्वयंपाकघरात उठून जाते किंवा सरळ "माफ करा" म्हणते. दुसऱ्या मुलाचं कुणी विचारलं, तर म्हणते, "एकच पहिलवान पुरे." डॉक्टरबाईंनी तिला सांगितलंय, की पुढे वाटलं तर ऑपरेशनचा मार्ग आहे. ती म्हणाली, विचार करेन. अजून केलेला नाही. व्यायाम मात्र चुकत नाही.

आता डेपोत नव्याने भरती झालेल्यांना गाडीवर शिकवायचं काम तिच्याकडे आहे, मुलगे आणि मुलीही. परवा मी तिला डबा द्यायला गेले होते, तेव्हा एक नवी मुलगी गाडीत चढली होती, गणवेशाची इस्त्री अजून न मोडलेली. मुलीने लगेच स्टिअरिंगला हात घातला. धाकटी म्हणाली, "खाली उतर." मुलगी घाबरली. धाकटी तिला सगळं सांगत डेपोभर फिरवून आली. इथे संडास, तिथे पाण्याचा नळ, त्या टोकाला दोन दारांचं बांधकाम, मधल्या चौकात पेट्रोल पंपावर ओळख आहे, माझं नाव सांग. मग परत गाडीशी आली आणि म्हणाली, "हं, आता चढ. आरसे नीट कर." मुलगी आरसे बसवायला लागली. धाकटीने माझ्या हातातून डबा घेतला, आपली पाण्याची बाटली उघडली आणि उभ्या उभ्या पोटभर पाणी प्यायली.